'डिरॉगेटरी' हा इंग्रजी शब्द : अर्थ कसा ओळखावा, अर्जात कसा वापरावा

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात संध्याकाळी मी इंग्रजीचा वर्ग घेतो. भरतीची तयारी करणारी मुले, बारावीच्या मुली, एखादा ग्रामपंचायत सदस्य आणि बचत गटाच्या काही बाया असे विद्यार्थी त्यात असतात. गेल्या पावसाळ्यात एका बचत गटाच्या सचिव बाई तक्रारअर्जाचा कच्चा खर्डा घेऊन आल्या. एका कार्यालयाच्या खिडकीवर त्यांना जे ऐकून घ्यावे लागले, ते त्यांना वरच्या अधिकाऱ्यांच्या कानावर घालायचे होते, आणि ते अधिकारी मराठी वाचणारे नसल्याने अर्ज इंग्रजीत हवा होता. खर्ड्यात त्या माणसाच्या बोलण्याला तीन विशेषणे लावली होती : 'रूड', 'बॅड' आणि 'डिरॉगेटरी'. तिसरा शब्द त्यांनी मोबाइलवरून घेतला होता. त्याचा अर्थ विचारल्यावर त्या म्हणाल्या, "वाईट बोलनं, सर."

बहुतेकांची समजूत एवढीच असते, आणि एवढ्या समजुतीवर हा शब्द वापरला की अर्ज ढिला पडतो. 'डिरॉगेटरी' म्हणजे नुसते वाईट बोलणे नव्हे. ज्या बोलण्याने समोरच्याचा मान, पत किंवा योग्यता आहे त्याहून कमी ठरवली जाते, ते बोलणे डिरॉगेटरी. रागावून बोललेले प्रत्येक वाक्य तसे नसते, आणि गोड आवाजात म्हटलेले वाक्यही तसे असू शकते. हा फरक ज्याला कळला, त्याला पुढचे सगळे सोपे जाते.

आधी शब्दाच्या पोटात काय आहे ते पाहावे

हा शब्द लॅटिनमधून आला. 'रोगारे' म्हणजे विचारणे. रोमन लोकांच्या सभेपुढे कायद्याचा प्रस्ताव ठेवायचा म्हणजे लोकांना तो मान्य आहे का असे विचारायचे, म्हणून प्रस्ताव मांडण्यालाही हेच क्रियापद चाले. मंजूर झालेला कायदा पूर्ण रद्द करणे म्हणजे 'अब्रोगारे', आणि त्यातला काही भाग काढून घेणे म्हणजे 'डेरोगारे'. अब्रोगारेत सगळे जाते, डेरोगारेत थोडे कापले जाते. पुढे कायद्याचे बळ कमी करण्यासाठी वापरला जाणारा हा शब्द माणसाची प्रतिष्ठा कमी करण्यासाठीही वापरला जाऊ लागला.

आपल्या भाषेतही हीच कल्पना आहे. 'पाणउतारा' या शब्दातले पाणी म्हणजे तेज, आब. मोत्याला पाणी असते तसे माणसालाही असते, आणि चारचौघांत कोणी ते उतरवले की त्याचा पाणउतारा झाला असे आपण म्हणतो. 'उणेपणा आणणे', 'कमी लेखणे', 'हिणवणे' या सगळ्यांत काहीतरी काढून घेतल्याचा, उणे केल्याचा भाव आहे. म्हणून हा इंग्रजी शब्द शिकताना मी मुलांना 'अपमानास्पद' हा एकच प्रतिशब्द पाठ करू देत नाही. 'कमीपणा आणणारा' हे जास्त नेमके आहे, कारण त्यात काय कमी झाले हा प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि हा शब्द वापरताना सर्वांत मोठे काम त्याच प्रश्नाचे आहे.

उच्चाराबद्दल थोडक्यात सांगतो. आपल्याकडे 'डेरो-गेट-री' असा, मध्ये गेट असल्यासारखा उच्चार ऐकू येतो. ब्रिटिश उच्चारात जोर 'रॉ' वर येतो आणि शेवट आखडतो, त्यामुळे तो 'डि-रॉ-गट्री' असा ऐकू येतो. स्पेलिंगमध्ये 'जी' नंतर 'ए' आहे, 'ई' नाही. लिहिताना हमखास चूक होते ती इथेच.

बोलणे डिरॉगेटरी आहे की नाही, हे कसे पारखावे

शब्द एकटा घेऊन त्याचा निकाल लावता येत नाही, हे आधी मान्य करावे. याला आपल्या वऱ्हाडी बोलीइतका चांगला पुरावा नाही. "माहा बुढा वावरात गेला" असे पंचविशीतला मुलगा म्हणतो, तेव्हा तो वडिलांविषयी बोलत असतो आणि त्यात अनादराचा लवलेश नसतो. 'पोट्टे' हा शब्दही इथे मायेने, रागाने, कौतुकाने, कसाही येतो. पुण्याच्या एखाद्या पाहुण्याने हे दोन्ही शब्द ऐकले तर त्याच्या कपाळाला आठी पडेल. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा : ज्याच्याविषयी हा शब्द वापरला, तो माणूस आणि त्याची माणसे हा शब्द स्वतःसाठी सहज वापरतात का, आणि बोलणारा त्या माणसांपैकी आहे का? बापाला बुढा म्हणणारा मुलगा आणि खिडकीपलीकडून "ए बुढ्या, सरक बाजूले" म्हणणारा माणूस एकच शब्द वापरतात, पण दुसरा त्या शब्दाने समोरच्याचे वय आणि नाव दोन्ही काढून घेतो.

दुसरा प्रश्न असा की शब्द कशाला लावला. 'गावरान' तूप, 'गावठी' कोंबडी, गावरान बोरे ही बाजारात जास्त भावाने जातात, आणि शहरातली माणसे ती मुद्दाम मागून घेतात. तेच विशेषण माणसाला, त्याच्या बोलण्याला किंवा कपड्याला लावले की "अगदीच गावठी आहे" या वाक्यात तो माणूस खाली जातो. जे गाव तुपाची किंमत वाढवते तेच माणसाची किंमत कमी करते, ही गोष्ट मला फार लागते, आणि वर्गात मी ती दरवर्षी सांगतो. इंग्रजीतही हे घडले आहे. सिनेमातला 'व्हिलन' हा शब्द मुळात शेतवाडीवर राबणाऱ्या माणसासाठी होता. लॅटिनमध्ये 'व्हिला' म्हणजे शेतावरचे घर, त्यावरून 'व्हिलानुस' म्हणजे तिथला गडी, आणि शतकानुशतके वरच्या वर्गाने त्या गड्याकडे तुच्छतेने पाहिल्याने शब्दाचा अर्थ घसरत घसरत खलनायकापर्यंत आला. असभ्य माणसासाठी इंग्रजीत असलेला 'बूअर' हा शब्दही मूळचा शेतकऱ्याचाच. भाषेच्या अभ्यासात अर्थाच्या अशा घसरणीला 'पिजोरेशन' म्हणतात.

तिसरा प्रश्न संबोधनाचा. इथे शब्दकोश फारशी मदत करत नाही, कारण एकही वाईट शब्द न वापरता माणूस कमी करता येतो. पाडव्याला साल ठरवून ठेवलेल्या साठीतल्या सालगड्याला मालकाचा विशीतला मुलगा 'नाम्या' म्हणतो, आणि त्याच दिवशी वावरात आलेल्या तिशीतल्या ठेकेदाराला 'साहेब, बसा ना' म्हणतो. नामदेव या नावात काहीच वाईट नाही, अरे-तुरे हे दोस्तांमध्ये प्रेमाचे असते, पण वयाचा मान जिथे सहज द्यायचा तिथे तो गाळला की बोलणे डिरॉगेटरी होते. इंग्रजी अर्जात हे समजावून सांगणे अवघड जाते, कारण इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' यांना एकच शब्द आहे. तेव्हा अशा वेळी मराठी संबोधन जसेच्या तसे लिहून, मराठीत वयाने मोठ्या अनोळखी माणसाला असे बोलत नाहीत, हे एका साध्या वाक्यात सांगावे.

शारीरिक व्यंगावरून पडलेली नावेही याच पारखीत येतात. गावात एखाद्याला त्याच्या पायावरून किंवा कानावरून पडलेले नाव इतके रुळते की सांगणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नाही. त्या माणसाला एकांतात विचारून पाहावे. "सवय झाली" हे उत्तर म्हणजे संमती नव्हे.

शेजारचे शब्द आणि त्यांच्या हद्दी

'रूड' म्हणजे उद्धट, शिष्टाचार सोडून केलेले वर्तन. रांगेत कोणाच्या तोंडावर खिडकी आपटणे रूड आहे, पण त्यात त्या माणसाच्या योग्यतेविषयी काही म्हटलेले नसते. 'अब्यूसिव्ह' म्हणजे शिवीगाळीचे. 'डिफेमेटरी' हा कायद्याच्या अंगाने जाणारा शब्द असून, तिसऱ्या माणसापर्यंत पोहोचलेल्या विधानाने एखाद्याची बदनामी होणे हा त्याचा गाभा आहे. भारतीय न्याय संहितेत अब्रुनुकसानीचे कलम ३५६ आहे. माझ्याविषयी "याने गटाचे पैसे खाल्ले" असे कोणी गावभर खोटे सांगितले तर ते डिफेमेटरी, आणि "तुझी लायकी काय, तू काय हिशोब ठेवणार" असे तोंडावर म्हटले तर ते डिरॉगेटरी. बोलणे डिरॉगेटरी आहे एवढ्यावरून बदनामीचा गुन्हा होत नाही, म्हणून अर्जात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

'पिजॉरेटिव्ह' हा जवळचा भाऊ, पण तो बहुधा शब्दाविषयी बोलताना येतो : अमुक शब्दाला हीन अर्थ चिकटलेला आहे, असे सांगायचे असेल तेव्हा. अर्जात त्याची गरज पडत नाही. 'डिस्पॅरेजिंग' आणि 'डिरॉगेटरी' यांत मात्र अंतर थोडेच आहे, आणि नवशिक्याने दोन्हींपैकी एक पक्का करावा.

खरा घोटाळा होतो तो 'कंडिसेंडिंग' या शब्दापाशी, आणि गावातल्या बायांना त्याची गरज सर्वांत जास्त आहे. आपण वरच्या पायरीवर आहोत असे धरून, उपकार केल्यासारखे, समजावल्यासारखे बोलणे म्हणजे कंडिसेंडिंग. सातबारा बाईच्या नावावर आहे, सही तिची लागणार आहे, आणि ती कागद पुढे करते तेव्हा उत्तर येते, "मावशी, तुमाले नाई समजनार ते, घरच्या मानसाले पाठवा." मावशी म्हटले आहे, आवाज चढवलेला नाही, एकही वाईट शब्द नाही. तरीही स्वतःच्या जमिनीविषयी बोलण्याची तिची योग्यता त्या एका वाक्याने नाकारली. याला 'डिरॉगेटरी रिमार्क' म्हटले तर समोरचा लगेच म्हणेल की मी तर मावशी म्हणालो. 'कंडिसेंडिंग' म्हटले तर वागण्याची नेमकी जागा पकडली जाते. ज्या शब्दात कमीपणा उघड आहे त्याला डिरॉगेटरी म्हणावे, आणि जिथे तो सुरात आहे तिथे कंडिसेंडिंग.

टीकेलाही डिरॉगेटरी म्हणण्याची चूक टाळावी. "तुमच्या गटाचा ताळेबंद चुकला आहे, मार्चची जमा दोनदा धरली आहे" हे ऐकायला कडू असले तरी ते कामाविषयी आहे आणि तपासता येते. "बायकांना कुठे ताळेबंद जमतो" हे कामाविषयी नाही. पहिल्या वाक्याविरुद्ध तक्रार केली तर दुसऱ्याविरुद्धची तक्रारही हलकी होते.

वाक्यात कसा बसवावा

हे विशेषण बहुधा नामाच्या आधी येते आणि त्याचे सोबती ठरलेले आहेत : रिमार्क, कमेंट, टर्म, लँग्वेज. यांतल्या पहिल्या तिघांचे अनेकवचन होते. 'लँग्वेज' मात्र या अर्थाने मोजता येत नाही, म्हणून त्याआधी 'अ' लावायचा नाही आणि शेवटी 'एस' लावायचा नाही. 'ही यूज्ड डिरॉगेटरी लँग्वेज' हे बरोबर.

रिमार्क्सना क्रियापद 'मेक' लागते. आपण मराठीत शेरे 'मारतो' म्हणून इंग्रजीतही भलतेच क्रियापद सुचते. 'ही मेड डिरॉगेटरी रिमार्क्स अबाउट माय एज्युकेशन', म्हणजे त्याने माझ्या शिक्षणावरून कमीपणा आणणारे शेरे मारले, हे वाक्य एकदा पाठ करून ठेवावे. ज्याविषयी बोलले त्याआधी 'अबाउट' येतो. ज्याच्या प्रतिष्ठेला बाध येतो त्याआधी 'टू' येतो. वृत्तीविषयी बोलताना 'टुवर्ड्स' चालतो. 'ऑफ' मात्र इथे लावू नये.

माणसाला हे विशेषण लावणे टाळावे. 'ही इज डिरॉगेटरी' यापेक्षा 'हिज वर्ड्स वेअर डिरॉगेटरी' हे चांगले इंग्रजी आहे, आणि अर्जदाराच्या हिताचेही आहे, कारण तक्रार माणसाच्या स्वभावाची नसून त्या दिवशीच्या बोलण्याची असते. 'डिरोगेशन' या नामाचा अर्थ अपमान असा घेऊन ते वापरू नये, कारण लिखाणात ते बहुधा कायद्याच्या अर्थाने येते. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १३ च्या शीर्षकात मूलभूत हक्कांना न्यून आणणाऱ्या कायद्यांविषयी हा शब्द आलेला आहे.

शब्दकोश पाहताना एखाद्या शब्दापुढे 'डिरॉगेटरी' किंवा जुन्या कोशात नुसते 'डेरॉग' असे छापलेले दिसते. तो त्या शब्दाचा अर्थ नसतो, तो इशारा असतो : हा शब्द वाचताना ओळखा, पण माणसाला लावू नका. स्पर्धा परीक्षेची मुले समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करतात तेव्हा हा इशारा गळून पडतो, आणि मग निबंधात शेतकऱ्यासाठी 'पीझंट' लिहिले जाते. तो शब्द इतिहासाच्या पुस्तकात चालतो. आजच्या माणसाला तोंडावर म्हटला तर तो अडाणी म्हटल्यासारखा लागतो. आपण 'फार्मर' लिहावे.

कायद्याच्या पुस्तकातला हाच शब्द

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्ये आली. त्यांतल्या अनुच्छेद ५१ क मधील एका कर्तव्यात, स्त्रियांच्या प्रतिष्ठेला बाध आणणाऱ्या प्रथा सोडून देण्याविषयी सांगताना, इंग्रजी मजकुरात 'डिरॉगेटरी टू द डिग्निटी ऑफ विमेन' असे शब्द आहेत. मराठी शाळेच्या पाठ्यपुस्तकांत हीच कर्तव्ये छापलेली असतात आणि तिथे 'कमीपणा' हा शब्द आहे. लक्षात घ्यावे की इथे डिरॉगेटरी हे विशेषण बोलण्याला नाही, प्रथांना लावले आहे. नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवातून वगळणे, तिला पांढऱ्या पायाची म्हणणे, यांतली पहिली गोष्ट प्रथा आहे आणि दुसरी बोलणे, पण दोन्हींनी उतरते ते तिचेच पाणी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव घेतला, आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन करणारे परिपत्रक काढले. आपल्या ग्रामसभेत असा ठराव मांडायचा असेल तर या कर्तव्याचा आधार घेता येतो.

जातीवरून झालेल्या बोलण्याचा मामला वेगळा आणि गंभीर आहे. अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्तीला लोकांच्या नजरेसमोर जातीच्या नावाने शिवीगाळ करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. तिथे अर्जात 'डिरॉगेटरी रिमार्क्स' एवढेच मोघम लिहून थांबू नये. जातीवरून बोलले असे स्पष्ट लिहावे आणि कार्यालयीन तक्रारीवर न थांबता पोलिसांत जावे. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पत्ता लिहिताना जुने नाव हातातून निघत असेल तर तेही तपासावे.

अर्ज लिहिताना

आता सचिव बाईंच्या खर्ड्याकडे येतो. त्यात विशेषणे तीन होती, आणि खिडकीवर बोललेला एकही शब्द नव्हता. विशेषण हा आपला निष्कर्ष असतो. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला निष्कर्ष काढण्यासाठी जे लागते ते आधी द्यावे लागते, नाहीतर "नेमके काय म्हटले ते कळवावे" असा शेरा मारून अर्ज परत येतो. मी त्यांना विचारले की तो काय म्हणाला. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, कारण ते शब्द पुन्हा उच्चारणे त्यांना जड जात होते. मग म्हणाल्या, "आले पाहा अंगठाबहाद्दर फारम घेऊन, असं बोलला तो. मांगं चार जन उभे होते."

'अंगठाबहाद्दर' या शब्दात 'बहाद्दर' आहे, पण ती थट्टा आहे हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. इंग्रजी वाचणाऱ्याला सांगावे लागते. म्हणून आम्ही क्रम बदलला. आधी तारीख, वेळ आणि खिडकीचा क्रमांक. मग ते मराठी वाक्य अवतरणात, एकही अक्षर न बदलता. त्याखाली त्याचा साधा इंग्रजी अर्थ, आणि सही करता न येणाऱ्या माणसाला हिणवण्यासाठी हा शब्द वापरतात हे एका ओळीत. मागे उभ्या असलेल्या चौघांपैकी जे दोघे तयार होते त्यांची नावे. हे सगळे झाल्यावर एकदाच, एकाच जागी, 'डिरॉगेटरी'. 'बॅड' काढून टाकला, कारण त्याने काहीच कळत नव्हते. 'रूड' ही काढला, कारण त्याने मोठी गोष्ट लहान होत होती.

त्यांनी सोबत आणलेल्या फॉर्मची झेरॉक्स मी पाहिली. त्यावर त्यांची पूर्ण सही होती, आडनावासकट, शेवटच्या अक्षराची काना मात्रा स्पष्ट. ती प्रत आम्ही अर्जाला जोडली, आणि अर्जदाराने फॉर्मवर सही केली होती असे एक वाक्य वाढवले. त्या वाक्याला कुठलेही विशेषण लावले नाही.

अर्जाची मराठी प्रत कार्यालयातल्या स्थानिक प्रमुखांना द्यायची होती. तिथे डिरॉगेटरीच्या जागी 'अपमानास्पद' लिहू की 'मानहानिकारक', असे मी विचारले. मानहानी म्हटले की कोर्टातला खटला आठवतो, म्हणून तो शब्द नकोच होता. त्या म्हणाल्या, "कमीपना आननारं, असं लिवा सर. माह्या पोरीच्या पुस्तकात हाय तो शब्द." आम्ही तसेच लिहिले.